ब्युरोची बाई आली, म्हणजे काळजी मिटली?

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळतो, तेव्हा नातेवाइकांच्या हातात दोन गोष्टी पडतात: औषधांची यादी आणि कुठल्यातरी ब्युरोचा फोन नंबर. फोनवर आपण काय विचारतो? "१२ तासांचे किती? २४ तासांचे किती? सुट्टी घेतली तर बदली देता का?" पलीकडून उत्तर येतं, "ट्रेन्ड बाई पाठवतो, काळजी करू नका." चौकशी तिथेच संपते. भाजीवाल्याकडे टोमॅटो दाबून बघणारे आपण, आई-वडिलांचा जीव ज्या हातांत द्यायचा त्या हातांना काय येतं, हे विचारत नाही.

'ट्रेन्ड' म्हणजे नक्की काय?

नर्स होण्यासाठी एएनएमची २, जीएनएमची ३ किंवा बी.एस्सी. नर्सिंगची ४ वर्षं घालवावी लागतात आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. ब्युरोकडून येणारी बहुतेक माणसं अटेंडंट असतात. काहींनी काही महिन्यांचा कोर्स केलेला असतो, काही जण आधीच्या रुग्णाच्या घरीच शिकलेले असतात. त्यात कमीपणा काहीच नाही. आंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं, कूस बदलणं ही कष्टाची आणि मोलाची कामं आहेत. पण ॲप्रन चढवला म्हणून अटेंडंटची नर्स होत नाही. इंजेक्शन, सलाईन, लघवीची नळी घालणं ही तिची कामं नाहीत. "सिस्टर पाठवतो" असं कोणी म्हणालं, तर नोंदणी क्रमांक मागा.

"पण ब्युरोने पोलीस व्हेरिफिकेशन केलंय ना!" केलंच पाहिजे. त्याने कपाटाची काळजी कमी होईल. रुग्णाला नळीतून कसं भरवायचं, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

सरकार बघून घेईल, या भरवशावरही राहू नका. महाराष्ट्रात हॉस्पिटलांच्या नोंदणीसाठी १९४९ चा कायदा आहे. तो रुग्ण दाखल करून घेणाऱ्या जागांसाठी आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद त्यात होती. त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे तुमच्या घरातले तपासनीस तुम्हीच.

२४ तासांचा हिशोब

अंथरुणावरच्या रुग्णाची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ५ वेळा. एकच बाई दिवसभर राबून रात्रीही ५ वेळा उठेल? एखाद-दोन दिवस उठेल, महिनाभर नाही. वर आपण तिला "जरा भांडीही घासून टाक" असं सांगतो. अशा झोप न झालेल्या माणसाच्या हातून चूक झाली, तर दोष एकट्या तिचा कसा? ब्युरोला हे कळतं, तरीही २४ तासांची ड्यूटी विकली जाते, कारण ती दोन शिफ्टपेक्षा स्वस्त पडते आणि आपण ती घेतो. दोन माणसं परवडत नसतील तर रात्रीचे दोन-तीन गजर घरच्यांनी वाटून घ्यावेत. तुम्ही देता त्यातले तिच्या हातात किती पडतात, हेही एकदा विचारा.

सेवेचा दर्जा रुग्णाच्या अंगावर दिसतो

बाई गोड बोलते, वेळेवर येते, हे चांगलंच. पण रोज स्वतः बघा:

• माकडहाड, खुबे, टाचा. लालसर किंवा काळपट डाग दाबल्यावरही तसाच राहिला, ती जागा गरम किंवा कडक लागली, तर ही बेडसोअरची सुरुवात आहे. तिथे मालीश करू नका. त्या जागेवरचा भार काढा आणि डॉक्टरांना कळवा.

• नाकातल्या नळीतून भरवताना पाठ ३० ते ४५ अंश उंच हवी, आणि नंतरही किमान अर्धा तास तशीच. आडवं ठेवून भरवलं तर अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

• लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता.

• इन्सुलिन घरच्याच जाणत्या माणसाने किंवा नर्सने द्यावं. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. १०० च्या बाटलीला ४० ची सिरिंज वापरली, तर १० युनिटऐवजी २५ युनिट जातात. साखर इतकी उतरते की जीवावर बेतू शकतं.

• झोपेच्या गोळ्या मोजून, तुमच्या ताब्यात. दिवसाही सुस्त पडून राहणारा रुग्ण 'शांत' आहे, असं समजू नका.

• एक साधी वही: कूस कधी बदलली, काय दिलं, लघवी-शौच किती, ताप किती. लिहिता येत नसेल तर खुणा चालतील.

"जास्त विचारलं तर बाई सोडून जाईल"

ही भीती खरी आहे. म्हणून उलटतपासणी नको, शिकवणं हवं. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी बाईला वॉर्डात बोलवा. वॉर्डातल्या सिस्टरने एकदा करून दाखवावं, मग बाईने सगळ्यांसमोर करावं. घरातल्या एकाने तरी तेच शिकावं. हॉस्पिटलांनी नुसता ब्युरोचा नंबर न देता हा अर्धा तास द्यायला हवा. देत नसतील तर तो मागून घ्या.

ब्युरोला एवढंच विचारा: येणाऱ्या व्यक्तीने याआधी असा रुग्ण सांभाळला आहे का? तिच्या कामावर देखरेख करणारी नर्स कोण आणि ती घरी कधी येते? रात्री २ वाजता अडचण आली तर फोन कोण उचलतं? बदली माणसाला रुग्णाची माहिती कोण देतं? उत्तरं मिळाली नाहीत, तर तो ब्युरो फक्त माणूस पुरवतो असं समजा आणि देखरेखीची सोय स्वतः करा.

तुमच्या घरी आत्ता अशी बाई किंवा मामा कामाला असतील, तर आज रात्री स्पंजिंगच्या वेळी शेजारी उभे राहा आणि रुग्णाची पाठ व टाचा स्वतःच्या डोळ्यांनी बघा.