गियरची गाडी आणि ईर्यासमिती



मी मोटारसायकल घेतली, तीही गियरची, तर पहिला आक्षेप ईर्यासमितीचा आला. "चार हात जमीन बघून पाऊल टाकावं, आणि तू गाडी उडवणार?" धाकट्या दिरानं बुलेट घेतली तेव्हा गाडीला हार घातला, पेढे वाटले. ईर्यासमिती तेव्हा कुणाला आठवली नाही.

मुळात ती मुनींच्या पाच समित्यांपैकी एक. आपल्याला अणुव्रतं. संकल्पी हिंसा सोडायची, आरंभी-उद्योगी जमेल तितकी कमी करायची. ताशी 40 ने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. तिथं चार हात जमीन ना मला दिसणार, ना यजमानांना, ना एसटीच्या ड्रायव्हरला. मागं बसलं की दोष लागत नाही का? कृत, कारित, अनुमोदित तिन्ही धरतो आपण.

उलट हँडल हातात असलं की जपणंही हातात येतं. पावसाळ्यात तिन्हीसांजेला दिव्यावर पाखरं झेपावतात, तेव्हा मी गाडी काढतच नाही. हातमोजे कापडी, चामड्याचे नाहीत. (हेल्मेटला मात्र सूट नाही, अंबाडा सैल बांधा.) आणि एसटीची वाट बघता बघता सूर्य मावळला म्हणून किती रात्री उपाशी झोपलो, ते आठवा. आता मी उजेडी घरी येते, जेवते.

"स्कूटी चालेल, मोटारसायकल नको" म्हणणाऱ्यांना एवढंच विचारते, किडामुंगीला गियर कळतो का?