परतीची सहा मिनिटे

घाटघरसारख्या डोंगरगावातून मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीसाठी शहर गाठणाऱ्यास ती वारंवार परवडत नाही. अमेरिकेतील रॉकफर्ड येथील १२ डॉक्टरांच्या तपासण्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. दुर्बीण बाहेर काढताना सरासरी ६ मिनिटे वा अधिक वेळ देणाऱ्यांना २८.३ टक्के व्यक्तींत गाठी आढळल्या; घाई करणाऱ्यांना ११.८ टक्क्यांतच. अशा काही गाठींतूनच पुढे कर्करोग उद्भवतो. दर आपण विचारतोच, हा वेळही विचारावा. आतडे अस्वच्छ असेल तर मात्र कुशल डॉक्टरही हतबल होतो, आणि नुसत्या उपवासाने ते स्वच्छ होत नाही. रेचक सहसा आदल्या संध्याकाळी व तपासणीच्या दिवशी पहाटे, असे दोन भागांत घ्यावे लागते. चौविहार पाळणाऱ्यांनी तारीख ठरवितानाच डॉक्टरांना तसे सांगावे. रात्रीचे औषध परस्पर टाळू नये.