यंत्र आपले, मुदत त्यांची

विंडोज चांगली, लिनक्स चांगली की मॅक चांगली, हा वाद एकेकाळी फक्त संगणक शिकणाऱ्या पोरांचा होता. आमच्या नंदनवनात इंजिनीअरिंग कॉलेज असल्यामुळे ग्रेट नाग रोडवरच्या चहाच्या टपऱ्यांवर तो मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. सावजी कोणाचे चांगले, या वादासारखाच तोही. दोन्ही बाजू हिरिरीने बोलतात, चहा दोनदा होतो, आणि उठताना प्रत्येक जण आपल्याच मतावर कायम असतो.

१४ ऑक्टोबर २०२५ या तारखेने मात्र हा वाद टपरीवरून उचलून थेट घरात आणून ठेवला. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. यंत्र बंद पडले नाही, फक्त त्याला मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबल्या. घरगुती ग्राहकांना काही अटींवर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ देऊ केली गेली, पण ती मागून घ्यावी लागत होती, आणि अशी काही सोय आहे हे अनेकांना ठाऊकच नव्हते. विंडोज ११ वर जावे म्हटले तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था हवी आणि प्रोसेसर साधारण २०१७-१८ नंतरचा हवा. म्हणजे त्याआधी घेतलेला, उत्तम चालणारा संगणक एका फटक्यात जुन्या बाजारात.

आमच्या शेजारच्या मुलाने मला विचारले, ‘‘काकू, दोन मिनिटात चालू होते, हँग होत नाही, पोरीचा अभ्यास होते त्याच्यावर. मंग दुकानवाला खराब झाला कसा म्हणते?’’ त्याच्या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराजवळ नव्हते. ते ‘कोणती सिस्टीम श्रेष्ठ’ या वादातही सापडत नाही, कारण त्या वादात वेग, रंगरूप आणि व्हायरस यांचीच चर्चा असते. यंत्र विकत घेतल्यावर ते किती वर्षे वापरायचे हे कोण ठरवणार, हा प्रश्न कोणी काढत नाही.

ज्यांना ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय असा संकोच वाटत असेल, त्यांच्यासाठी बँकेतला दाखला देते. शाखेत कॅशिअर असतो, क्लार्क असतो, लॉकर सांभाळणारा असतो. कोणी कोणत्या खिडकीवर बसायचे, तिजोरीची किल्ली कोणाकडे, कोणत्या कागदाला कोणाची सही, हे शाखाधिकारी ठरवतो. ऑपरेटिंग सिस्टीम हा संगणकातला शाखाधिकारी. काम नीट चालले असेल तर खातेदाराला त्याचे नावही ठाऊक नसते.

मी बँकेत लागले तो काळ संगणकविरोधाचा होता. सप्टेंबर १९८३ मध्ये बँक संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, आणि १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला. मग शाखाशाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरे, माऊस नाही. कुठे युनिक्स असे, कुठे डॉस. आम्हाला त्यातला फरक कळत नव्हता आणि कळण्याची गरजही नव्हती. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली आणि परत आली, तर नोंदी जागेवर आहेत का? संध्याकाळी बॅलन्स टॅली होतो का? झाला की यंत्र चांगले. इतकी सरळ परीक्षा.

पुढे कोअर बँकिंग आले तेव्हा तर बँकांनी हा वाद न घालताच सोडवला. काउंटरवर विंडोज आणि मागे, खातेदारांचा हिशेब जिथे खरोखर राहतो तिथे, बहुतेक ठिकाणी युनिक्सच्या कुळातली यंत्रे. ज्याचे काम त्याने करावे.

पण मुदतीचा फटका बँकांनाही चुकला नाही. विंडोज एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला संपला. देशातली कितीतरी एटीएम यंत्रे त्याच एक्सपीवर चालत होती, आणि चालतच राहिली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला. शेवटी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून टप्पे आखून द्यावे लागले, आणि सगळी एटीएम जून २०१९ पर्यंत पाठिंबा असलेल्या सिस्टीमवर न्या, असे बजावावे लागले. ज्यांच्याकडे पैसा आहे, तंत्रज्ञ आहेत आणि डोक्यावर नियामक आहे, त्यांनाही पाच वर्षे लागली. हसनबागेतल्या शिलाईवाल्या बाईंनी किंवा इतवारीतल्या लहान व्यापाऱ्याने एका महिन्यात यंत्र बदलावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

मग लिनक्स का घेत नाही, असे टपरीवरचे पोर विचारेल. विचारावेच. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेले हे काम आज कोणाच्याच एकट्याच्या मालकीचे नाही. परवान्याला पैसे नाहीत, आणि जुन्या यंत्रावर बसतील अशा त्याच्या हलक्या आवृत्त्या मिळतात. ‘आपल्याला नाही जमायचे ते’ म्हणणाऱ्या गृहस्थाच्या खिशात बहुधा अँड्रॉइड फोन असतो, आणि अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांची यादी सबंध लिनक्सवर चालते. चेन्नईच्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ ही लिनक्सची आवृत्ती काढली, आणि २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर बेतलेल्या ‘माया’ची वाट धरली. मॅकबद्दल मी फार लिहीत नाही. ती सुरेख आहे, तीही युनिक्सच्याच घरातली आहे. पण तिची किंमत पाहिली की नंदनवनातला बहुतेक वाद तिथेच संपतो.

लिनक्सचे घोडे अडते ते दुसरीकडे. नागपूरच्या व्यापाऱ्याचा सगळा जीव टॅलीत अडकलेला, आणि टॅली विंडोजसाठी बनलेली. यंत्र बिघडले तर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला विंडोजच येते. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ साली गाजावाजा करून लिनक्सकडे जायचे ठरवले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे फिरण्याचा ठराव केला. त्यामागे राजकारण होते असे काही म्हणतात, तंत्राच्या अडचणी होत्या असे काही. सवय ही गोष्ट दोघांनीही कमी लेखली असावी, असे मला वाटते.

सवय शाळेत लागते. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटी आहे. त्यातले ‘एमएस’ म्हणजे महाराष्ट्र स्टेट. पण ते मायक्रोसॉफ्ट आहे असे समजणारे मला पुष्कळ भेटले, आणि त्यांना हसावेसे वाटले नाही. या अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींच्या हाताला संगणक लावला, हे मोठेच काम. पण तो हात विंडोजवर आणि तिच्या ऑफिसवर बसला. केरळने सरकारी शाळांत दुसरा रस्ता घेतला. तिथे मुले लिनक्सवर शिकतात, मल्याळममध्ये शिकतात, आणि राज्याला शाळेमागे परवान्याचे पैसे मोजावे लागत नाहीत. महाराष्ट्राला हे जमले नसते असे मानायला मी तयार नाही.

सुरक्षेच्या बाबतीत दोन्हीकडच्या पोरांनी जरा दमाने घ्यावे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष दुरुस्तीने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळी पडली, आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. लिनक्सवाले हसले. पण त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांच्या घरात चोर शिरला होता. एक्सझेड नावाच्या, जवळपास सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या छोट्याशा साधनात कोणीतरी विश्वास संपादन करून चोरदरवाजा बसवला होता. तो उघडकीला आला कारण एका अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. तो अभियंता मायक्रोसॉफ्टचा नोकर होता! उघड्या वहीचा फायदा असा, की हिशेब कोणालाही तपासता येतो. पण कोणीतरी तो तपासायला बसावे लागते.

आता मराठीकडे येते, कारण माझे स्वतःचे घोडे तिथेच अडले होते. माझी एक कादंबरी १९९० च्या दशकात डीटीपीवर जुळवली गेली. बारा-तेरा वर्षांनी दुसरी आवृत्ती काढायची म्हणून सीडी उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि उद्गारचिन्हांची भाजी. तो अक्षरसंच नव्या सिस्टीमवर चालत नव्हता आणि विकणाऱ्याने हात वर केले. अडीचशे पाने पुन्हा टाइप करून घ्यावी लागली.

हे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. जुने मराठी फाँट संगणकाला ‘क’ म्हणून ‘क’ सांगतच नसत. ते रोमन अक्षराच्या खणात मराठी चित्र ठेवत. फाँट गेला की चित्र जाते, उरते रोमन. भारतीय लिपींसाठी इस्की हे प्रमाण १९९१ साली मंजूर झाले, पुण्याच्या सी-डॅकने त्यासाठी जिस्ट तंत्र दिले, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा खण मिळाला. विंडोजमध्ये देवनागरीची ही सोय २००० च्या आवृत्तीपासून आली. लिनक्सवर स्वयंसेवकांनी पडद्यावरच्या सूचना मराठीत आणल्या, आणि रेड हॅटने ‘लोहित’ हा अक्षरसंच मुक्त परवान्याखाली दिला. तरी आपला ‘ऱ्या’ बरीच वर्षे रडवत होता. ‘दऱ्या’ लिहावे तर ‘दर्या’ उमटे; सह्याद्रीच्या वर्णनात समुद्र घुसे. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे दाबले की हा ‘ऱ’ मिळतो, हे अजूनही अनेक लेखकांना कोणी सांगितलेले नाही. श आणि ल यांची हिंदी वळणे तर आपण निमूटपणे सोसतोच आहोत.

हे सांगण्याचे कारण असे, की सिस्टीम बदलता येते. तिच्यात अडकलेला मजकूर बदलून घेणे महाग पडते. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांचा हवाला देत मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातल्या तेलशुद्धीकरण कंपनीच्या ईमेल आणि इतर सेवा थांबवल्या होत्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा परत सुरू झाल्या. पैसे भरलेल्या, वकील लावू शकणाऱ्या ग्राहकाची ही गत. नंदनवनातल्या ग्राहकासाठी कोण कोर्टात जाणार?

शेजारच्या त्या मुलाला मी नवा संगणक घे असेही सांगितले नाही आणि घेऊ नको असेही नाही. आधी घरातले फोटो, पोरीच्या वह्या आणि आजोबांनी टाइप केलेला वंशवृक्ष एका पेनड्राइव्हवर काढून घे म्हटले. वंशवृक्ष जुन्या फाँटमध्ये असेल तर तो फाँट अजून यंत्रात आहे तोवर युनिकोडमध्ये बदलून घे. टॅली लागत नसेल तर एखाद्या रविवारी कॉलेजच्या पोराला बोलावून पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघ. त्याने आतले काही पुसले जात नाही, फक्त ‘इन्स्टॉल’वर बोट पडू देऊ नको. आवडले नाही तर पेनड्राइव्ह काढ आणि यंत्र पुन्हा चालू कर, जुनी विंडोज जिथल्या तिथे असते. त्याने विचारले, प्रिंटर चालेल का? बहुतेक चालतो. नाही चालला तर त्याच रविवारी कळेल.