गंज नक्की कुठे चढलाय?

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एका स्नेह्यांनी मला विचारलं, "काय हो, तुमची कन्या म्हणे हल्ली शनिवार-रविवार ट्रकखाली पडलेली असते?" मी हो म्हणालो. "अहो, मग एसएटीचं काय?" मी तोंड उघडायच्या आत मागून एक वहिनी म्हणाल्या, "असू दे हो, फेज असते एकेक!" रांग पुढे सरकली, वाटीत श्रीखंड पडलं आणि विषय संपला. त्यांचा संपला, माझा नाही. त्या रांगेत जे बोलायचं राहून गेलं ते संपादकांच्या कृपेने इथे लिहितो आहे. कुणाला टोचलं तर राग मानू नये. पहिली टोचणी मलाच आहे.

तर मंडळी, ट्रक म्हणजे १९७२ चा शेव्हरले सी-१० पिकअप. पन्नाशी उलटलेला, एका शेतावरच्या कोठारात कोंबड्यांच्या सहवासात निवृत्त झालेला. आम्ही क्लीव्हलंडजवळ राहतो. आमच्याकडे एरी सरोवराच्या तळाखाली मिठाची मोठी खाण आहे, आणि हिवाळा आला की मीठ रस्त्यांवर पडतं. तेच मीठ पाण्याबरोबर गाडीच्या पोटाखाली शिरतं. खाल्ल्या मिठाला माणसं जागतात, लोखंड जागत नाही!

गंजलेला बोल्ट का अडकतो, हे मला इंजिनिअर असूनही पन्नाशीत कळलं. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये फट असते केसाएवढी. गंज तिथे फुगतो आणि दोघांना आवळून टाकतो. वाटणीवरून कोर्टात गेलेल्या भावांसारखे ते दोघे झिजतील, मोडतील, पण एकमेकांना सोडणार नाहीत.

पहिल्या दिवशी मी काय केलं? आपण सगळे जे करतो तेच. इंजिनच्या बाजूला एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट हलेना, तेव्हा पान्याच्या दांड्यात चार फुटी पाइप घातला, पाय रोवले आणि जोर लावला. "टक्" असा आवाज झाला. मी विजयी मुद्रेने वळलो. कन्या शांतपणे म्हणाली, "बाबा, तो सुटला नाही. तुटला." डोकं माझ्या पान्यात होतं आणि उरलेला बोल्ट इंजिनच्या बिडात, पृष्ठभागाशी सपाट.

इथे एक कबुली देतो. आपल्यातल्या इंजिनिअर मंडळींना पहिल्या वर्षाचं वर्कशॉप आठवत असेल. खाकी कपडे, व्हाइसमध्ये धरलेला लोखंडाचा तुकडा, आणि एकात एक बसणारे दोन भाग कानशीने घासून तयार करायचे, तो 'फिटिंग जॉब'. किती जणांनी तो स्वतः पुरा केला? मी नाही केला. वर्कशॉपमधल्या मामांना चहापाणी दिलं आणि जॉब 'फिट' झाला. पदवीवर मेकॅनिकल लिहिलेलं आहे. त्यानंतरची सगळी वर्षं कीबोर्डवर गेली.

कन्येने मात्र माझ्यासारखी घाई केली नाही. तिने बाकीच्या बोल्टांची यादी केली. तारेच्या ब्रशने प्रत्येकाचं डोकं आणि दिसतील तेवढे आटे साफ केले. मग तेल. आपल्या घराघरात असतो तो निळा-पिवळा डबा, डब्ल्यूडी-४०, तो १९५३ साली सॅन डिएगोत तयार झाला तो पाणी हटवण्यासाठी. नावातला डब्ल्यूडी म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट', आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. जाम झालेल्या बोल्टला त्याहून पातळ, आट्यांत झिरपणारं पेनिट्रेटिंग ऑइल चांगलं. ते सकाळ-संध्याकाळ, चार-पाच दिवस. मधूनमधून डोक्यावर हातोडीचे हलके ठोके, म्हणजे गंजाला तडे जातात आणि तेल आत उतरतं. बारा कोनी सॉकेट नाही, सहा कोनी, कारण बारा कोनी घसरतं आणि डोकं गोल होतं. आणि सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे सोडवायचा असेल तर आधी किंचित आवळायचा! गंजाची पकड मोडली की मग उलटा फिरवायचा. तोही सलग नाही. थोडा सोडायचा, थोडा परत घ्यायचा, तेल घालायचं, पुन्हा सोडायचा.

तेवढ्याने भागलं नाही तर उष्णता. नट तापला की फुगतो आणि बोल्टवरची पकड सैल होते. पण या ट्रकची पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या मागे असते. म्हणून ज्योत पेटवायच्या आधी टाकी रिकामी करून, बाहेर काढून, अंगणाच्या पार टोकाला नेऊन ठेवली. तेल पुसलं, आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवलं. हे सगळं सोळा वर्षांच्या मुलीने कागदावर क्रमाने लिहून गॅरेजच्या भिंतीला चिकटवलं होतं. ऑफिसात इतकी नीट योजना मी क्वचितच पाहिली आहे.

आणि मी तोडलेला बोल्ट? त्याला 'ईझी-आउट' नावाचं हत्यार मिळतं. नावातच फसवणूक! ते आत मोडलं तर इतकं कडक पोलाद की साधं ड्रिल त्यावर चालत नाही. शेजारी एक निवृत्त कारागीर आजोबा राहतात, आयुष्यभर डाय बनवण्यात गेलेलं. त्यांनी तुटक्या बोल्टवर एक नट ठेवला आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग केलं. वेल्डच्या धगीने गंज सैल झाला, आणि पान्याला धरायला नवं डोकंही मिळालं. दोनदा वेल्ड निसटला. तिसऱ्यांदा "कर्रर्र" असा आवाज करत बोल्ट फिरला. कन्येने असा काही जल्लोष केला की कुणाला वाटावं, हिला हार्वर्डचं पत्र आलंय.

आता मूळ मुद्द्यावर येतो. या साऱ्यात डोक्याचं काम कोणतं आणि हाताचं कोणतं, हे कुणी मला वेगळं करून दाखवावं. पदार्थविज्ञान आहे, रसायन आहे, अंदाज आहे, नियोजन आहे, संयम आहे. तरीही आपल्या मंडळात 'आमचा मुलगा रोबोटिक्सला आहे' म्हटलं की माना डोलतात, आणि 'आमची मुलगी ट्रक दुरुस्त करते' म्हटलं की लोक एसएटीची चौकशी करतात! रोबोटच्या बोल्टला मान आहे, ट्रकच्या बोल्टला नाही. का? कारण ट्रकच्या बोल्टला ग्रीस लागलेलं असतं, आणि ग्रीस आपल्याला जातीने, पगाराने आणि डिग्रीने 'खालचं' वाटतं. स्पष्ट लिहिलं, कारण दुसरा शब्द मला सापडत नाही.

यावर मला तीन उत्तरं मिळतात. पहिलं, "आपल्या वेळेची किंमत काय, मेकॅनिकची काय!" मान्य. पण रात्रभर जागून क्रिकेट बघताना आपण तासाचा दर काढत नाही. हिशेब फक्त हात काळे व्हायची वेळ आली की सुचतो. दुसरं, "यात धोका आहे." आहे. जुन्या गाडीच्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, जॅकवरची गाडी पडू शकते. म्हणून स्टँड लावायचे, चष्मा घालायचा, मास्क घालायचा, सोबत जाणता माणूस ठेवायचा. आपण याच मुलांच्या हाती सोळाव्या वर्षी गाडीची चावी देतो, तो धोका कमी आहे का?

तिसरं उत्तर सगळ्यात प्रामाणिक, आणि म्हणून सगळ्यात जास्त लागणारं: "अरे, यातून बाहेर पडण्यासाठीच तर आपल्या आईवडिलांनी आपल्याला शिकवलं!" याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांची बोटं कायम काळसर असायची. साबण, राख, रॉकेल, कशानेही निघत नसत. मी इथे आल्यावर 'वडील काय करायचे?' या प्रश्नाला अनेक वर्षं "एसटीत होते" एवढंच सांगत आलो. ऐकणारा समजायचा, ऑफिसात असतील. मी तसं समजू द्यायचो. अण्णांना माझ्या शिक्षणाचा अभिमान होता, हे खरं. पण त्यांनी मला त्यांच्या कामातून बाहेर काढलं, त्या कामाची लाज बाळगायला सांगितलं नव्हतं. ती माझी स्वतःची कमाई.

आपल्याला इतिहासाचा अभिमान फार. मग हेही आठवू या. किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान १८८८ साली बेळगावात सुरू झालं. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी सोडून त्या दुकानात आले. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव याच अमेरिकेतल्या एमआयटीतून १९२६ साली इंजिनिअर होऊन परत गेले. आपण मुलांना एमआयटी सांगतो, सायकलचं दुकान सांगत नाही!

आणि दरवर्षी आपण खंडेनवमी साजरी करतो. लॅपटॉपला हळदकुंकू वाहतो, शेजारी एक चकचकीत स्क्रू-ड्रायव्हर ठेवतो, ज्याचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नसतं. ज्या हत्याराला आपण वर्षभर हात लावत नाही, त्याची पूजा कसली? माझी कार्यकारिणीला विनंती आहे: येत्या दसऱ्याला हॉलच्या एका कोपऱ्यात एक टेबल, एक व्हाइस, चार पाने आणि दोन-चार जाम झालेले नट-बोल्ट ठेवा. नाचाच्या तालमीच्या दहाव्या भागाएवढा वेळ त्याला द्या. मुलं काय करतात ते बघा. जमलं तर आपणही बाह्या सरसावा.

ट्रक अजून चालू झालेला नाही. मागच्या महिन्यात मागचा हौदा उतरवताना एक बोल्ट असा खाल्लेला निघाला की त्याच्या मापाचा, नऊ-सोळांश इंची, पाना त्यावर गरगर फिरू लागला. गंजाने डोकं बारीक झालं होतं. कन्येने विचारलं, "बाबा, याहून किंचित लहान काही आहे का?" अण्णांच्या पत्र्याच्या पेटीतून आणलेला एक चौदा मिलिमीटरचा रिंग पाना माझ्याकडे होता. पुण्याहून आठवण म्हणून आणला होता, कपाटात पडून होता. नऊ-सोळांश इंच म्हणजे चौदाहून जेमतेम पाव मिलिमीटर जास्त. तिने तो हातोडीने ठोकून त्या अमेरिकन डोक्यावर बसवला. घट्ट बसला. आधी किंचित आवळला, मग उलटा. बोल्ट सुटला.

"कुणाचा आहे हा?" तिने विचारलं.

"तुझ्या आजोबांचा," मी म्हणालो. "ते दापोडीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते."