मुरुमांची ट्यूब मागताना

एप्रिल उजाडला की यवतमाळात दुचाकीवरच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून सगळा चेहरा ओढणीत गुंडाळतात. पारा ४५ अंशांकडे सरकत असताना दुसरा इलाजही नसतो. ओढणीखाली घाम साचतो, कापड घासत राहते आणि वयात येताना उठणारे मुरूम आणखी उसळतात. मग मेडिकलच्या काउंटरवर एकाच वाक्यात मागणी होते, ‘भाऊ, तोंडावरच्या फोडांची ट्यूब द्या.’

त्या मागणीला उत्तर म्हणून अनेकदा हातात पडते ते स्टेरॉइडचे मलम. देशातल्या १२ केंद्रांवरील त्वचारोगतज्ज्ञांनी केलेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यातल्या १०४ जणांनी ते मुरुमांसाठीच सुरू केले होते. निम्म्याहून अधिक लोकांना ते सुचवणारी व्यक्ती डॉक्टर नव्हतीच. ग्रामीण आणि निमशहरी भागात तर जास्त तीव्र स्टेरॉइडे वापरली जात होती. दुष्परिणाम ४३३ पैकी प्रत्येकावर दिसले, आणि त्यात सर्वांत जास्त आढळलेला दुष्परिणाम होता मुरूम.

म्हणजे ज्या दुखण्यावर मलम लावले, तेच दुखणे मलमाने वाढवले. हे घडते कसे, तेही समजून घ्यायला हवे. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल ही औषधे सूज झपाट्याने उतरवतात. दोन-चार दिवसांत लाली जाते, चेहरा उजळल्यासारखा वाटतो आणि मैत्रिणीला, बहिणीला त्याच ट्यूबचे नाव सांगितले जाते. पण मुरुमाचे मूळ, म्हणजे तेल आणि मृत पेशींनी बुजलेले छिद्र, तसेच राहते. काही आठवड्यांनी कातडी पातळ होते, तांबड्या शिरा दिसू लागतात, गालावर लव वाढते, एकसारख्या पुटकुळ्यांचे पीक येते. ट्यूब बंद केली की चेहरा पेटतो, म्हणून ती पुन्हा आणली जाते. त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा हे आता एक स्वतंत्र निदान झाले आहे.

सर्वांत फसवी आहे ती तिहेरी ट्यूब. खोक्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन नावे असतात. हे मिश्रण वांगाच्या डागांसाठी, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस वापरायचे. मुरुमांसाठी ते नव्हेच. ती तीन नावे मराठीत आणि ठळक छापली असती, तर कितीतरी चेहरे वाचले असते.

मग निवडायचे काय? मुरुमांवर काम करणारी रसायने मोजकी आहेत आणि जुनी आहेत. लाल, पू धरलेल्या फोडांवर बेंझॉइल पेरॉक्साइड उपयोगी पडते. ते जिवाणू मारते आणि त्याला जिवाणू सरावत नाहीत. ते २.५ टक्क्यांचे पुरते. जास्त टक्केवारीने गुण वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. एक व्यवहाराची गोष्ट दुकानात क्वचितच सांगतात: या औषधाने कापडाचा रंग उडतो. रात्री लावून सकाळी चेहरा नीट धुतला नाही, तर ओढणीवर पांढरे डाग पडतात. शिवाय उष्णतेने त्यात बेंझिन तयार होऊ शकते, हे अमेरिकेतल्या चाचण्यांत दिसले आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात ही ट्यूब गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखालच्या खोलीत न ठेवता घरातल्या सर्वांत थंड जागी ठेवावी.

काळ्या-पांढऱ्या बारीक पुळ्या असतील, तर अडापॅलीन हे पहिल्या पसंतीचे औषध. रात्री, वाटाण्याच्या दाण्याएवढे, फोडापुरते नव्हे तर सगळ्या चेहऱ्याला. सुरुवातीला एक दिवसाआड, कारण आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर जळजळ झाली की मागे काळा डाग राहतो आणि तो मुरुमापेक्षा जास्त दिवस टिकतो. डाग आणि मुरूम दोन्ही असतील तर अॅझेलेइक अॅसिड बरे. गरोदरपणात अडापॅलीन आणि ट्रेटिनॉइन टाळतात, तेव्हाही अॅझेलेइक अॅसिड चालते. सॅलिसिलिक अॅसिडचा फेसवॉश सौम्य त्रासापुरता ठीक. यांतले काहीही चार दिवसांत चमत्कार करत नाही. ८ ते १२ आठवडे लागतात. हे दुकानदाराने सांगितले नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या आठवड्यात कंटाळते आणि पुन्हा ‘जोरदार’ ट्यूब मागते.

क्लिंडामायसिनची जेल एकटीच विकणेही थांबले पाहिजे. नुसते प्रतिजैविक लावत राहिले की जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. म्हणून त्याच्या जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड असावे, असे जगभरचे तज्ज्ञ सांगतात.

नियम नाहीत असे नव्हे. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेला लावायच्या १४ स्टेरॉइडांची पूर्वीची सवलत काढून ती ‘शेड्यूल एच’मध्ये घातली. म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बेकायदा. हा नियम वणी, पुसद, पांढरकवड्याच्या काउंटरवर पाळला जातो का, हे अन्न व औषध प्रशासनाने तपासायला हवे, आणि तेही नुसत्या नोंदवह्या चाळून नव्हे. मात्र सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. उमरखेड किंवा झरी-जामणीच्या मुलीने मुरुमांसाठी दिवसाची मजुरी किंवा कॉलेज बुडवून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची त्वचारोग ओपीडी गाठावी, ही अपेक्षा अवास्तव आहे. ग्रामीण रुग्णालयांत ठरावीक दिवशी त्वचारोगतज्ज्ञ बसवणे, ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यकीय सेवेवरून सल्ला मिळतो हे शाळा-कॉलेजांत सांगणे, आणि बेंझॉइल पेरॉक्साइड व अडापॅलीन सरकारी दवाखान्यांत उपलब्ध ठेवणे, एवढे केले तरी काउंटरवरची गर्दी बरीच हटेल.

खोक्यावर रसायनाचे नावच नसेल, तर तो माल घेऊच नये. अकोल्यातल्या एका कुटुंबातील तीन महिलांची मूत्रपिंडे चेहरा उजळवणाऱ्या क्रीममुळे बिघडली, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीममध्ये पारा असल्याचे उघड झाले. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी राज्यभर गाजली. अकोला काही परदेशात नाही.

ज्यांच्या चेहऱ्यावर स्टेरॉइडची ट्यूब महिनोन्‌महिने लागते आहे, त्यांनी हे वाचून ती एकदम फेकून देऊ नये. ती टप्प्याटप्प्याने सोडवावी लागते, आणि मधल्या काळात चेहरा आधी बिघडतो, मग सावरतो. ट्यूब खोक्यासकट घेऊन डॉक्टरांकडे जावे. तिच्यात काय आहे, हे डॉक्टरांना खोके पाहूनच कळते.