पिसे झडलेली कोंबडी

आमच्या परसात पाच कोंबड्या आहेत. सकाळी खुराडे उघडणे आणि अंडी गोळा करणे हे माझे काम.

दिवाळीच्या सुट्टीत तांबडीने अंडी देणे बंद केले. ती खुडूक नव्हती. घरट्यात बसतही नव्हती. खुराड्यात मात्र पिसांचा खच पडू लागला. आधी मान उघडी पडली, मग पाठ, शेवटी शेपूट. तुराही फिका झाला. शेजारच्या खाला म्हणाल्या, "आता ही काय कामाची? विकून टाका." अम्मीही तयार झाली.

मला हे मुळीच पटले नाही. दिवस लहान होऊ लागले की कोंबडी सहसा जुनी पिसे टाकते. पिसे बहुतांशी प्रथिनांचीच असतात. तेच प्रथिन रोज अंड्यात गेले, तर नवी पिसे कशाने येणार? हे काम दोन-तीन महिने चालते. तेवढे दिवस तिला सुकटीचा चुरा द्यावा आणि उगीच उचलू नये. कोवळ्या पिसांत रक्त असते, ती दुखतात. तिने खाणे सोडले, तर आजाराची शंका घ्यावी. वर्षभर अंडी खायची आणि दोन महिने दाणे टाकायला कुरकुरायचे, हा कुठला न्याय?

तांबडी घरीच राहिली. जानेवारीच्या अखेरीस घरट्यात अंडे दिसले. अम्मीने ते खालांकडेच पाठवले.