डोंबिवलीची मुले आणि कारखानदारीचा हिशेब

मुलांना निरोगी, निर्विष वातावरणात वाढवावे हा विचार अलीकडे सुशिक्षित घरांत बराच रुजला आहे. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतींत हवा शुद्ध करणारी यंत्रे आली आहेत. कल्याण-डोंबिवलीच्या चाळींतून सदनिकांत गेलेल्या कुटुंबांना पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राशिवाय स्वयंपाकघर पुरे वाटत नाही. रंग न लावलेली लाकडी खेळणी आणि रासायनिक खताविना पिकविलेली भाजी यांना चांगला भाव येतो. यात आईबापांची थट्टा करावी असे काही नाही. आपल्या लेकराच्या पोटात विष जाऊ नये म्हणून जो तो ऐपतीप्रमाणे धडपडणारच. प्रश्न असा की, ही ऐपतीची बाब का व्हावी? आणि ज्याची ऐपत आहे त्याचे मूल तरी घराबाहेर पडताना कोणती हवा श्वासात घेते?

जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्याच औद्योगिक विभागातील रस्ता गुलाबी झाला. वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली, लोकांनी विनोद केले आणि विषय संपला. या दोन घटनांच्या मधे २६ मे २०१६ रोजी प्रोबेस एंटरप्रायझेस या रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन १२ माणसे मेली, दोनशेहून अधिक जखमी झाली. दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. त्यानंतर आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला आणि पुन्हा दहाहून अधिक जीव गेले. दोन्ही वेळा मे महिना होता, शाळांना सुटी होती. हा केवळ योगायोग; नियोजनाचे त्यात काही श्रेय नाही. शासनाला या परिसराची अवस्था ठाऊक नव्हती असेही म्हणता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक परिसरांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा डोंबिवलीला ७८.४१ गुण मिळाले होते. सत्तरच्या वर गेलेला परिसर अतिप्रदूषित समजला जातो.

कारखानदारांचा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: कारखाने आधी आले, घरे नंतर आली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याच दशकात डोंबिवलीत कारखानदारी रुजली, हे खरे. परंतु सोनारपाडा, सागाव ही गावे महामंडळाच्या पुष्कळ आधीची आहेत. शिवाय औद्योगिक विभागाला लागून निवासी भूखंड पाडले ते खुद्द महामंडळाने. पुढच्या इमारतींना परवानग्या दिल्या त्या पालिकेने, आणि नफा घेतला तो बांधकाम व्यावसायिकांनी. या व्यवहारात सर्वांना आवाज होता. नव्हता तो फक्त त्या घरांत जन्म घेणाऱ्या मुलांना.

या मुलांची गोष्ट प्रौढांपेक्षा वेगळी का, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अवश्य आहे. मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा आत घेते, अधिक पाणी पिते. ते जमिनीलगत वावरते, हात तोंडात घालते, आणि जड धातूंची धूळ बसते ती जमिनीवरच. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढाचे शरीर जेवढे शोषते, त्याच्या चार ते पाचपट लहान मुलाचे शरीर शोषून घेते; ते हाडांत साठते आणि मेंदूच्या वाढीला कायमचे उणे करते. त्यातही ज्या मुलाच्या आहारात लोह आणि कॅल्शियम कमी, त्याच्या शरीरात शिसे अधिक मुरते. म्हणजे कुपोषण आणि प्रदूषण हे दोन स्वतंत्र प्रश्न नाहीत. कामगाराचे मूल दोन्ही बाजूंनी भरडले जाते, आणि बापाच्या कामाच्या कपड्यांवरून विषाची तिसरी वाट घरात येते.

खासगी खबरदारी कुठे संपते याचे उत्तम उदाहरण याच शिशाने दिलेले आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस जॉर्ज फाउंडेशनने मुंबईसह सात शहरांत तपासणी केली. तीत बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात तेव्हाच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा, जास्त शिसे आढळले. या मुलांना कोणते यंत्र वाचवणार होते? पेट्रोलमधले शिसे २००० साली देशभर बंद करण्यात आले आणि मुलांच्या रक्तातील प्रमाण उतरू लागले. मलबार हिलच्या आणि धारावीच्या मुलाला एकाच निर्णयाचा लाभ झाला. बाजारातून असा लाभ कोणत्याही किमतीला मिळाला नसता.

अर्थशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. केंब्रिजचे पिगू यांनी १९२० सालीच दाखवून दिले होते की, कारखान्याच्या धुराचा खर्च कारखान्याच्या वहीत येत नाही, तो शेजाऱ्यांच्या माथी बसतो. १९५० साली विल्यम काप यांनी त्यापुढे जाऊन म्हटले की, हा अपवाद नव्हे, खासगी उद्योगाची ही नित्याची रीतच आहे: खर्च जितका दुसऱ्यावर ढकलता येईल तितका नफा अधिक. डोंबिवलीतील दमेकरी मुलाच्या औषधाचे बिल, त्याच्या बुडालेल्या शाळेचे दिवस, त्याला दवाखान्यात नेण्यासाठी आईने गमावलेली रोजी, हे सारे वस्तुतः उत्पादनखर्चाचे घटक आहेत. ते कारखान्याच्या ताळेबंदात नाहीत एवढेच.

आणि शासन काय करते? २०२३च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद काढून तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड ठेवला. दंड भरला नाही तरच तुरुंग. सांडपाणी शुद्ध करण्याचा वर्षाचा खर्च दंडापेक्षा अधिक असेल, तर हिशेबी मालक काय निवडील हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. अशा दंडाला परवाना शुल्क म्हणणे अधिक योग्य.

दुसरा सरकारी उपाय स्थलांतराचा. डोंबिवलीतील १५६ धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलविण्याचा निर्णय २०२२ साली जाहीर झाला, आणि २०२४च्या स्फोटानंतर स्थलांतराच्या घोषणा पुन्हा झाल्या. पाताळगंगेच्या काठी मुले नाहीत काय? ठाणे महापालिकेने वर्षानुवर्षे आपला कचरा दिव्यात ओतला. २०२३ मध्ये दिवा बंद झाले तेव्हा कचऱ्याच्या गाड्या भंडार्लीकडे वळल्या आणि तिथल्या गावकऱ्यांना रस्त्यावर यावे लागले. कल्याणच्या आधारवाडीचे क्षेपणक्षेत्र २०२१ मध्ये बंद होण्यापूर्वी त्याच्या आगींचा धूर आसपासच्या किती मुलांनी गिळला याची मोजदाद कोणी ठेवली नाही. कारखाना वस्तीपासून दूर असावा हे बरोबरच. पण आतली प्रक्रिया तीच ठेवून केवळ पत्ता बदलणे म्हणजे शहराच्या मुलांचे विष आदिवासी आणि शेतकरी मुलांच्या पदरात टाकणे होय.

येथे कामगार चळवळीपुढे खरी अडचण उभी राहते, आणि ती टाळून चालणार नाही. प्रदूषणाचा विषय निघाला की मालक टाळेबंदीची भीती घालतो, आणि कामगाराला शेजारची मध्यमवर्गीय वसाहत शत्रू वाटू लागते. ती भीती पोकळ नाही. मोहोन्याचा एनआरसी कारखाना २००९ साली बंद पडला, त्यानंतर कामगारांना स्वतःच्या घामाच्या थकबाकीसाठी कित्येक वर्षे झगडावे लागले, हे कल्याणकरांनी पाहिले आहे. म्हणून ‘कारखाना हटवा’ एवढीच घोषणा अपुरी आहे. प्रक्रिया बदलण्याच्या काळातले वेतन, स्थलांतर झाल्यास कामगाराच्या नोकरीची सलगता आणि मुलांच्या शाळेची सोय या मागण्या निवासी संघटनांनीही आपल्या निवेदनात घातल्या पाहिजेत. त्या घातल्याशिवाय कामगार त्यांच्याबरोबर येणार नाही, आणि त्याने का यावे?

पालिका शाळांतील मुलांच्या रक्ताची आणि फुफ्फुसांची नियमित तपासणी पालिकेनेच केली पाहिजे. कल्याण-डोंबिवली पालिकेची मुदत २०२० साली संपल्यावर चार वर्षांहून अधिक काळ तिथे लोकनियुक्त सभागृहच नव्हते. त्या काळात नागरिकांनी जाब विचारायचा होता तो प्रशासकाला. परंतु एका गोष्टीसाठी सभागृहाची वाट पाहण्याचे कारण नाही. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात ४१ ब हे कलम घालण्यात आले. धोकादायक प्रक्रिया करणाऱ्या कारखानदाराने तिथल्या धोक्यांची आणि त्यावरील उपायांची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि परिसरातील सामान्य जनतेलाही दिली पाहिजे, असे ते कलम सांगत असे. हेच बंधन २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ठेवलेले आहे. सागाव-सोनारपाड्याच्या शाळेतील किती शिक्षकांना शेजारच्या आवारात कोणते द्रव्य साठविले आहे आणि गळती झाल्यास मुलांना कोणत्या दिशेने न्यायचे हे ठाऊक आहे? शाखांनी पहिला अर्ज याच माहितीसाठी करावा, आणि त्यावर कामगारांच्या आणि पालकांच्या सह्या एकाच कागदावर घ्याव्यात. त्याला वकील लागत नाही आणि निधीही लागत नाही.